खोडरबर आणि तीन सफाईवाले

कॉम्प्युटरला कापडी झबलं शिवून घालायचे, त्या काळची गोष्ट. वाचनालयातला म्हातारा कॉम्प्युटर मंदावला, म्हणून ग्रंथपाल कालिंदीबाईंनी त्यात फुकटचे तीन सफाईवाले प्रोग्राम भरले. तिघे दिवसभर एकमेकांचाच कचरा शोधत आणि "धोका! धोका!" ओरडत. एका सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना, नुसता पीं-पीं करत बसला. तेव्हा मात्र तिघांचीही वाचा बसली.

टेबलावरचा झिजलेला खोडरबर म्हणाला, "बाई, वायर काढा, झाकण उघडा. मेमरीची पट्टी उपसा, मला घ्या आणि तिची मळ धरलेली पिवळी कड खसाखसा घासा."

बाईंनी घासली, पट्टी परत बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला.

लगेच पडदाभर पाटी झळकली: "अभिनंदन! आम्ही तिघांनी तुमचा कॉम्प्युटर वाचवला!"

"गुणाची गं लेकरं!" म्हणत बाईंनी पडद्याला हात जोडले आणि काळा पडलेला खोडरबर केरात टाकला.