झाकलेली चीर

माणसं लाकडाशी बोलत आणि लाकूडही त्यांना उत्तर देई, तेव्हाची ही गोष्ट. म्हातारा सोनजी धनुष्यं घडवायचा. पाठीवर सापाचं कातडं चढवण्याआधी तो प्रत्येक धनुष्य मांडीवर घेऊन विचारायचा, "कुठं दुखतंखुपतं का रे बाबा? आत्ताच सांग. एकदा झाकलं, की मला दिसायचं नाही."

तिवसाच्या लाकडाच्या एका धनुष्याच्या टोकाशी केसाएवढी चीर होती. पण समोरच चूल धडधडत होती, आणि फसलेलं लाकूड तिच्यातच जायचं. धनुष्य म्हणालं, "छे, मी ठणठणीत आहे!"

सोनजीनं विश्वासानं सरस लावून कातडं चिकटवलं. कातडं दचकलं. "अरे, इथं तर चीर आहे! सरस अजून ओला आहे. जरा सुटू का? त्याला दिसेल तरी."

"गप्प बस!" धनुष्य खेकसलं. "झाकायला आलंयस ना? मग झाक."

सरस वाळला, वर लाखेचं रोगण चढलं. धनुष्य असं चकाकलं, की सगळा पाडा बघायला आला. सोनजीनं कौतुकानं दोरी कानापर्यंत ओढली, आणि टोक काडकन मोडलं. उडालेली ढलपी त्याच्या डोळ्यात घुसली.

आठवड्यानं, डोळ्याला फडकं बांधून सोनजी पुन्हा कामाला बसला. मोडकं टोक चाचपत तो पुटपुटला, "एवढीच चीर होती? टोक चार बोटं छाटलं असतं, की झालं असतं."

धनुष्याला आता सगळं सांगून टाकायचं होतं. सोनजीनं नवं लाकूड मांडीवर घेतलं, तसं मोडकं धनुष्य कान देऊन त्या नेहमीच्या प्रश्नाची वाट बघू लागलं. पण त्या दिवसापासून सोनजीनं कुठल्याच लाकडाला काही विचारलं नाही.