ठकूआक्कानं धरलेली सळई

गुळासाठी नावाजलेल्या आंबेहोळ गावात फार वर्षांपूर्वी ठकू नावाची एक बाई होऊन गेली. जिभेची तिखट, पण थोरामोठ्यांसकट सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. का म्हणायचं, ते ऐका.

ठकू पंधराची असताना गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस उडाला आणि तिचा मानेपासून खांद्यापर्यंतचा भाग भाजला. जखम भरली, पण कातडी वाढायची थांबेना. बाभळीवर डिंक यावा तसा जाड, तांबूस वण वर आला. खाज तर अशी सुटली की पोरीला धड बसवेना की निजवेना. गावात तेव्हा रीत होती, अंगावर वाढेल ते कापायचं आणि वर तापलेली सळई टेकवायची. हे काम सुबाना नावाचा माणूस करायचा. त्यानं ठकूचा वण कापला, डागला, आणि वर्षाच्या आत बोटभर वण तळहाताएवढा झाला.

सुबाना पुन्हा सळई घेऊन आला, तशी ठकू भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"एकदा डागलंसा तर एवढा झाला. आनी डागलंसा तर माज्यापरास मोठा हुईल. मग सोयरीक त्याचीच जमवा!"

डागणं नाकारून पोरगी देवीचा कोप ओढवून घेणार, म्हणून गावानं तोंड फिरवलं. ठकू कुणालाच बधली नाही. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. चोळीची शिवण जिथं घट्ट दाबत होती, तिथं वण चपटा होता आणि खाजतही नव्हता. मग तिनं लुगड्याच्या घडीला खोबरेल लावलं, ती वणावर ठेवली आणि वरून पट्टी आवळली. अंघोळीपुरती सोडायची, हलक्या हातानं तेल चोळायचं, पुन्हा बांधायची. असं म्हणतात, खाज हटायला सहा महिने लागले आणि वण मऊ पडायला दोन वर्षं. पुरता काही तो गेला नाही. कुणी टक लावून बघितलं की ठकू पदर सारून म्हणायची, "नीट बघ. माजं त्याच्यासंगं आता भांडान न्हाई."

मग बायका परसदारानं येऊ लागल्या, कुणी भाजलेला हात घेऊन, कुणी विळ्याचा वण घेऊन. सुबाना आतल्या आत धुमसत राहिला.

पुढं पाटलांच्या नातीचे, येसूचे, कान टोचले आणि एका पाळीवर बोराएवढी गाठ आली. पाटलांनी सुबानाला बोलावलं. वाड्याच्या पुढल्या सोप्यात शेगडी पेटली, सळई लाल झाली. ठकूला कळलं तशी ती हातातलं काम टाकून धावली आणि येसूच्या पुढ्यात उभी राहिली.

"ठकू, बाजूला हो," पाटील म्हणाले.

"पाटील, कान कुनाचा हाय? पोरीला इचारलंसा का?"

पोरीलाही विचारायचं असतं, हे त्या घराला ठाऊकच नव्हतं. येसूनं डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला न्हाई कापायचं."

सुबानानं चिडून सळई उचलली. ठकूनं ती तापल्या टोकाकडूनच धरली. असं म्हणतात, लालबुंद लोखंड तिच्या मुठीत काळं पडलं, गार झालं, आणि शेगडीतले निखारेही विझले. कुणी म्हणतं, हात भाजला होता, ती बोलली नाही इतकंच. मला विचाराल तर त्या बाईपुढं विस्तवानं माघार घेतली, आणि शहाणपणाच केला.

ठकूनं कळकाच्या बांबूची कामटी चिरून चिमटा केला, आत तेलाची चिंधी लावली आणि येसूच्या कानाला घातला. वर्षभरानं गाठ वाटाण्याएवढी उरली. सुबानानं पुन्हा कधी सळई तापवली नाही, आणि गाव ठकूला आक्का म्हणायला लागलं.

आंबेहोळात आजही कान टोचायच्या आधी सोनार पाटावर बसून पोरीला तीनदा विचारतो, "आक्काच्या नावानं सांग, टोचू का?" गेल्या साली पाटलांच्याच घरात एक चिमुरडी तिन्ही वेळा "न्हाई" म्हणाली. सोनारानं सुई गुंडाळून ठेवली, पुरणपोळी खाल्ली आणि तो घरी गेला.