तिसऱ्या उण्याची कहाणी

ऐका खाडीमाई, तुमची कहाणी. आटपाट खाडी होती. खाडीला दोन काठ होते. अलीकडच्या काठी धाकू तांडेल राहत होता, त्याची बायको येसू. पलीकडच्या काठी चांगो खारवी राहत होता, त्याची बायको ताना. धाकूची लेक आवडी चांगोच्या घरी सून म्हणून नांदत होती. म्हणजे दोघे व्याही. मधे खाडी, तिला दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी.

येसूला सासूनं एक वसा दिला होता. उण्याचा वसा. काय करावं? घरातली वस्तू विकून बाहेर जाऊ लागली की दिवा लावावा. घेणाऱ्याला पाट मांडावा, गूळपाणी द्यावं. मग त्या वस्तूची तीन उणी त्याला मोठ्यानं सांगावीत. त्यानं ऐकावीत, हो म्हणावं, मग वस्तू उंबऱ्याबाहेर काढावी. उतूं नये, मातूं नये, घेतला वसा टाकूं नये.

येसू वसा पाळी. कोंबडी विकली तेव्हा म्हणाली, "बाई, ही एका डोळ्यानं अधू, मुंगसाला घाबरते, आणि अंडी घालते ती शेजारणीच्या घरी जाऊन." घेणारी हसली, तरी कोंबडी घेऊन गेली. पाटा विकला तेव्हा म्हणाली, "ह्याला टाकी लावावी लागेल, हा डुगडुगतो, आणि ह्याच्यावर वाटलेली चटणी माझ्या नवऱ्याला कधी आवडली नाही." तोही गेला. गावात म्हणत, दुसऱ्याच्या 'बेस आहे'पेक्षा येसूचं उणं बरं. बायांनो, बाजारात अशी पत तोंडच्या गोडीनं मिळत नाही. तिला वर्षं लागतात, आणि घालवायला एक दिवस पुरतो.

मग काय झालं? धाकूचे गुडघे गेले. होडीत चढवेना, वल्हं मारवेना. होडी विकायची ठरली. चांगोला माणसं खाडीपार सोडायला होडी हवीच होती. तो म्हणाला, "परक्याची कशाला घेऊ? व्याह्यांची घेतो." धाकू म्हणाला, "परक्याला कशाला देऊ? व्याह्यांना देतो." मधे दलाल नाही, पंच नाही, कागद नाही. घरच्या घरी सौदा. घरच्या सौद्यासारखा महाग सौदा नाही, पण हे ज्याला पोळतं त्यालाच कळतं.

कार्तिकाचा महिना. चांगो आला, ताना आली. येसूनं दिवा लावला, पाट मांडले. गूळ आणायला आत गेली, तर मागून धाकू आला. हळूच म्हणाला, "अगं, तिसरं उणं बोलू नकोस."

होडीच्या तळाची तिसरी फळी किड्यानं खाल्ली होती. धाकूनं फटीत कापूस ठोकला होता, वर राळ फासली होती, त्यावर रंग दिला होता. बाहेरून फळी नवरीसारखी दिसत होती.

येसू म्हणाली, "अहो, माझा वसा आहे."

धाकू म्हणाला, "बोललीस तर सौदा मोडेल. सौदा मोडला तर व्याही रुसतील. व्याही रुसले तर आवडीला बाळंतपणाला कोण धाडील?"

आवडीला तेव्हा सहावा महिना होता. पहिलटकरीण. येसूच्या हातातला गूळ हातातच विरघळला.

ती बाहेर आली. म्हणाली, "व्याहीबुवा, सुकाणू डावीकडं ओढतं." चांगो म्हणाला, "हो." "शिडाला दोन ठिगळं आहेत." चांगो म्हणाला, "हो." मग येसूनं आवंढा गिळला. चांगोला वाटलं, झालं. तो पाणी प्यायला नि उठला.

येसूचं मन काही स्वस्थ बसेना. मग तिनं काय केलं? माणसं खोपीत शीड गुंडाळत होती तेवढ्यात दिवा पदराआड धरून काठावर गेली. होडीच्या पुढच्या टोकाला तोंड लावलं. म्हणाली, "बाई, तुझी तळाची तिसरी फळी किडकी आहे. मी सांगितलं हो, माझा वसा पुरा झाला." होडी काय बोलणार? तिनं ऐकून घेतलं.

होडी पलीकडं गेली, आणि तिथं काय झालं? होडीत पाणी आलं. घोट्याएवढं आलं, मांडीएवढं आलं. बुडण्याइतकं आलं नाही, तरण्याइतकं कमी झालं नाही. चांगो करवंटीनं उपसतोय, उपसतोय. दमला. म्हणाला, "ही काय व्याह्यांनी होडी दिली की विहीर?"

मार्गशीर्षात तो होडी घेऊन अलीकडं आला. खाडीचा मध्य ओलांडला तसं पाणी आटलं. धाकूच्या काठाला लागली तर तळ खडखडीत. धाकूनं हात फिरवला. म्हणाला, "कुठं आहे पाणी? तुमच्याच पायांना घाम आला असेल." चांगो परत गेला. पलीकडं पोचला, घोटा भिजला.

पौषात चांगोनं आपल्या काठचे पंच आणले. पलीकडं पाहिली तर ओली, अलीकडं पाहिली तर कोरडी. माघात दोन्ही काठचे पंच आले. चार वेळा इकडून तिकडं, चार वेळा तिकडून इकडं. चिखल तुडवून सगळे दमले. थोरला पंच काठावर बसला नि म्हणाला, "बाबांनो, इथं बसलो तर हे खरे. तिथं बसलो तर ते खरे. मधे बसलो तर आमची धोतरं भिजतात. आम्ही घरी जातो."

पंच गेले. चांगो म्हणाला, "धाकूबुवा, मी भांडून भांडून थकलो. तुमची होडी तुम्ही परत घ्या."

धाकूही थकलेला होता. थकलेल्या माणसाच्या तोंडाला दार नसतं. तो म्हणाला, "दिलेली मुलगी आणि विकलेली होडी, कुणी माघारी घेत नसतं."

चांगो उभा राहिला. म्हणाला, "असं? मग होडी माघारी येत नसेल तर मुलगीही येत नाही. बाळंतपण आमच्या घरीच होईल. तुम्ही पाऊल टाकू नका."

त्यानं होडी खाडीच्या मधल्या वाळूच्या पुळणीवर नेऊन सोडली, आणि ओहोटीच्या पाण्यातून चालत घरी गेला. होडी ना ह्याची ना त्याची. येसूनं डिंकाचे लाडू वळले होते, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली होती. ती तशीच गाठोड्यात राहिली.

आवडीला नववा सरत आला. निरोप धाडावा तर कुणाबरोबर? हाक मारावी तर वारा उलटा. एके सकाळी येसू उठली. चूल पेटवली नाही, तोंडात काही घातलं नाही. ओहोटी लागली तशी पदर खोचून चिखलात उतरली. गुडघाभर चिखल, प्रत्येक पाऊल उपटून काढावं लागे. पुळणीवर पोचली तर होडीला टेकून एक म्हातारी जाळं सांधत बसली होती.

म्हातारी म्हणाली, "बाई बाई, कुठं निघालीस?"

"लेकीकडं."

"मग तोंड का उतरलं?"

येसूनं सगळं सांगितलं. म्हातारी सुईत दोरा ओवत म्हणाली, "तिसरं उणं कुणाला सांगितलंस?"

"होडीला सांगितलं."

"अगं, होडी काय होडी विकत घेत होती? तिचं दुखणं तिला ठाऊकच होतं. तुझ्या काठावर ऐकलं, म्हणून तुझ्या काठावर ती शहाण्यासारखी वागते. अर्धा वसा केलास, अर्धं फळ आलं. बुडत नाही, तरत नाही. ज्याचे पाय भिजले त्याला सांग."

"आता सांगून काय उपयोग? चार महिने झाले."

"उशिरा सांगितलेल्या खऱ्याला शिव्या फार खाव्या लागतात. खा," म्हातारी म्हणाली. येसूनं चिखलातून पाय काढला, मागं वळून पाहिलं तर जाळं नाही, म्हातारी नाही.

येसू चांगोच्या अंगणात उभी राहिली. चांगो म्हणाला, "पाऊल टाकू नका म्हटलं होतं ना?"

येसू म्हणाली, "टाकलं. आता ऐका. तळाची तिसरी फळी किडकी आहे. विकताना मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. तुम्ही पाटावर बसला होता, दिवा जळत होता, आणि मी गिळलं."

चांगोला राग आला. "चार महिने उपसतोय मी! पंचांपुढं मला खोटं पाडलंत! पोटाच्या पोरीकडं बघून तरी बोलायचं होतंत!" बोलला, बोलला, आणि दमून ओट्यावर बसला.

तेव्हा दारातून ताना म्हणाली, "मलाही दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"जुन्या फळीवर एवढा नवा रंग कोण देतो? नखानं खरवडलं, तर खाली राळ. म्हटलं असू दे, पुढं कधी विहीणबाई वरचढ झाल्या तर काढायला बरं."

"अगं बये! मला का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही तर होडीकडं नवरदेवासारखे बघत होता."

एवढ्यात कुंपणाशी धाकू. बायको घरात नाही म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनी चिखल तुडवत आला होता. सगळं ऐकलं होतं. कमरेपर्यंत माखलेला, काठीवर टेकलेला. म्हणाला, "व्याहीबुवा, मी बोललो ते वाईट बोललो. फळी माझ्या हातानं काढून नवी घालतो."

चांगोनं त्याच्या गुडघ्यांकडं पाहिलं. म्हणाला, "तुम्ही वाकणार कसे? तुम्ही ठोका, मी धरतो. आणि मुलगी घेऊन जा."

पुढं फळी बदलली, होडी दोन्ही काठांना कोरडी राहिली. सुकाणू डावीकडंच ओढत राहिलं, पण त्यावरून कुणी कधी भांडलं नाही. ते सांगून दिलेलं होतं.

पण ते पुढं. त्या दिवशी आतून आवडीची हाक आली, "आई गं!" ताना धावली, येसू धावली. ताना म्हणाली, "आता हिला कुठं नेता? वेळ भरली." मग दोघी विहिणी उशाशी बसल्या, एकीनं एक हात धरला, दुसरीनं दुसरा.

दुपार झाली. येसूचा घसा सुकला, ओठ फुटले. तानानं तांब्या पुढं केला. येसू म्हणाली, "नको. लेकीला मूल होईतो तिच्या घरचं पाणी आईनं पिऊ नये." ऊन कललं. तानानं पुन्हा तांब्या आणला. येसू म्हणाली, "नको." दिवेलागणीला मूल रडलं. मुलगी झाली. ताना तांब्या घेऊन आली. येसूनं हात पुढं केला, मग मागं घेतला. म्हणाली, "जुन्या बायका म्हणतात, मुलगा झाल्यावरच प्यावं."

ताना म्हणाली, "मुलगी ती मूल नव्हे काय? प्या मुकाट्यानं. पाणी जरा मचूळ आहे, विहीर खाडीजवळची, आणि तांब्याला पोचा आहे. सांगून देते."

येसू हसली. हसता हसता तिला रडू आलं. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि लेकीच्या घरचं पाणी घटाघटा प्यायली.

खाडीमाई जशी येसूला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. घेणाऱ्याला विचारायची बुद्धी देवो, विकणाऱ्याला सांगायचं बळ देवो, आणि थकल्या माणसाला टेकायला आपलं घर देवो. ही दोन काठांची कहाणी, एका तांब्याशी सुफळ, संपूर्ण.