बर्फावर उभा राहिलेला उलोफ

तळ्याच्या बर्फावर ती सूचिपर्णी झाडांची रांग दिसते ना, ती उगवलेली नाही बरं, रोवलेली आहे. पलीकडच्या चर्चला जायची ही हिवाळ्यातली वाट. ती आखायचा मान आमच्या घराकडे. मी शालन, माहेरची इस्लामपूरची, पण चाळीस वर्षं स्वीडनात ग्रान आडनाव लावतेय. ग्रान म्हणजे तेच झाड.

पूर्वी इथं आडनावं नव्हती. अमक्याचा मुलगा तमका, संपलं. वाट आखणारा उलोफ असाच एक. वीस पावलं चालायचं, भोक पाडायचं, बर्फाची जाडी बघायची, मगच झाड रोवायचं, हा नियम. पण त्या वर्षी लेकीचं, ब्रिटाचं लग्न तोंडावर आलेलं. घाईत या बाबानं नदी तळ्याला मिळते तिथं दोन भोकं पाडलीच नाहीत, जाडी न बघताच झाडं रोवली.

लग्नाच्या सकाळी दाट धुकं होतं. उलोफ चालत पुढं निघाला आणि नेमका तिथंच बर्फ फुटून त्याचा पाय मांडीपर्यंत पाण्यात गेला. कसाबसा बाहेर आला. मागून सगळं गाव घसरगाड्यांतून त्याच्याच झाडांच्या भरवशावर येत होतं, आणि पहिल्याच गाडीत ब्रिटा. काठावर कुणाला बोलवायला जावं, तर तेवढ्यात गाडी बुडायची. मग त्यानं एक झाड उपटलं आणि ते हातात धरून धोक्याच्या जागेअलीकडं उभा राहिला.

ब्रिटाची गाडी आली. "डावीकडून काठानं जा, पुढं बर्फ कच्चा आहे," तो म्हणाला.

"बाबा, तुम्ही भिजलाय. गाडीत बसा."

"मागं अजून माणसं आहेत, पोरी. तू हो पुढं."

ती रडतच गेली म्हणे. शेवटची गाडी दुपारी आली, तेव्हा त्याचा बूट बर्फाला चिकटला होता. सोडवून नेलं, पण पायाची बोटं गेली. गावानं डोक्यावर घेतलं, तर हा म्हणाला, "चूक माझी होती. घराण्याला ग्रान नाव लावा, म्हणजे पोरं विसरणार नाहीत." चूक घरानं लक्षात ठेवली. गावाला आठवतो तो उभा राहिलेला माणूस.

आजही ग्रानांच्या लग्नात घरातला वडीलधारा शेवटचा पाहुणा येईपर्यंत बाहेर थांबतो. माझ्या लग्नात माझ्या मामाची गाडी चुकली. सासरे दीड तास बर्फात उभे होते. एकुलत्या एक मुलाचं लग्न त्यांनी पाहिलंच नाही. मामाचा हात धरून आत आले आणि मला म्हणाले, "तुझी सगळी माणसं पोचली." मी तिथंच रडले.