निळा थेंब

एक होतं दुरुस्तीचं टेबल. त्यावर प्लॅस्टिकचे छरे उडवणारी खेळातली बंदूक पडली होती, आणि तिच्यातला छोटा स्क्रू पार वैतागला होता. दर छऱ्यामागे हादरा बसला, की हे महाशय सैल होऊन गवतात!

टेबलावर स्क्रू पक्का बसवणाऱ्या गोंदाच्या दोन बाटल्या होत्या.

लाल बाटली म्हणाली, "माझा थेंब घे. जन्मात हलणार नाहीस!"

निळी म्हणाली, "हादऱ्यांना मी दाद देणार नाही. पण स्क्रूड्रायव्हर आला, की सोडेन."

"सोडणारी काय कामाची?" स्क्रू फणकारला आणि लाल बाटलीकडे वळला.

तेवढ्यात भंगाराच्या डबीतला म्हातारा स्क्रू हसला. "मीही लाल थेंबच घेतला होता, बाळा. आतली स्प्रिंग तुटली, ती बदलायची तर मी हलेना. मग गोंद सुटावा म्हणून मला तापवलं. मी सुटलो, पण प्लॅस्टिकची बंदूकच वितळली."

छोट्याने गुपचूप निळ्या बाटलीखाली मान घातली.

पुढे भर खेळात स्प्रिंग तुटलीच. स्क्रूड्रायव्हर फिरला, निळीने हात सोडला, नवी स्प्रिंग बसली आणि बंदूक पुन्हा मैदानात निघाली.

"सोडलंस ते बरं केलंस," स्क्रू आपल्या जागी ऐटीत बसत म्हणाला, "म्हणून तर परत बसलो!"