टिटवीची अंडी आणि विमानाची शेपटी

एक होतं मैदान. मैदानात एक छोटं विमान. विमानाच्या शेपटीखाली इवलं चाक. चाकाजवळ टिटवीची अंडी.

मोठा वारा येणार होता. विमानाचे दोन्ही पंख दोरीनं जमिनीला बांधलेले. पण शेपटीची दोरी? ती कुठं गेली?

शेपटी हलली की चाक फिरणार. चाक फिरलं की अंडी फुटणार!

निघाली टिटवी, तुरुतुरु तुरुतुरु. विमान सांभाळणारी तुळसामावशी चहा पीत बसली होती.

"मावशी, मावशी, शेपटी बांध ना! माझी अंडी राहतील कशी?"

"बांधते की गं बाई! पण दोरी वासराच्या गळ्यात. फार हुंदडत होतं, म्हणून मीच बांधलं. आधी त्यानं दोरी द्यावी."

टिटवी वासराकडे गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"वासरा, वासरा, दोरी दे ना! मावशी शेपटी बांधेना, माझी अंडी राहतील कशी?"

"नाही देत जा! आधी आईनं दूध द्यावं."

टिटवी गायीकडे गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"गायी, गायी, दूध दे ना! वासरू दोरी देईना, मावशी शेपटी बांधेना, माझी अंडी राहतील कशी?"

"घसा कोरडा पडलाय माझा. आधी पवनचक्कीनं पाणी काढावं."

टिटवी पवनचक्कीकडे गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"चक्की, चक्की, पाणी काढ ना! गाय दूध देईना, वासरू दोरी देईना, मावशी शेपटी बांधेना, माझी अंडी राहतील कशी?"

"मी काय आपली आपण फिरते? आधी वाऱ्यानं यावं."

अगंबाई! ज्याला भ्यायचं, त्यालाच बोलवायचं? पण गेली हो, टेकडीमागं गेली. वारा तिथं रुसून बसला होता.

"वाऱ्या, वाऱ्या, ये ना! चक्की पाणी काढेना, गाय दूध देईना, वासरू दोरी देईना, मावशी शेपटी बांधेना, माझी अंडी राहतील कशी?"

"नाही येत आत्ता! रुसवा गेला की येईनच घोंघावत. मैदानातल्या खांबावर माझी नारंगी पिशवी, मी कुठून येतो ते दाखवणारी. ती बसलीय खांबाला गुंडाळून. मग मी फुगवू काय?"

टिटवी उडाली, भुर्रर्र! चोचीनं पिशवी ओढली, खर्रर्र! सुटली पिशवी.

"ये आता. पण आधी हळू हं! शेपटी बांधली की मग ये हवा तेवढा."

वारा खुदकन हसला. आला हळूहळू, फू फू फू.

पिशवी फुगली टम्म. चक्की फिरली गरगर. पाणी आलं झुळझुळ. गाय प्यायली गटगट. वासरू दूध प्यायलं लुचुलुचु. वासरानं मान पुढे केली. मावशीनं दोरी सोडली. शेपटी बांधली गच्च गच्च!

टिटवी अंड्यांवर बसली. "ये रे आता!"

आला वारा, घों घों घों! मावशीचा पदर उडाला. चहाचा कप लवंडला. विमानाचे पंख कुरकुरले. शेपटी? जागची हलली नाही. चाक? तसूभर फिरलं नाही.

वारा दमला. सगळं शांत झालं. मग हळूच आवाज आला, टक्!

अंड्यातून एक चोच बाहेर आली. "टिटिव?"

"हो रे माझ्या राजा," टिटवी म्हणाली. "टिटिव, टिटिव!"