भडभड्याच्या पोटात कटकट

नाक पुसा. मांडी घाला. ऐका.

एक होता ट्रॅक्टर. म्हातारा. लाल. नाव भडभड्या. तो बंद पडला होता. कधीपासून? तुझे बाबा शेंबडे होते ना, तेव्हापासून!

मग आले इलाही मिस्त्री. ट्रॅक्टरचे डॉक्टर. त्यांनी भडभड्याचं पोट उघडलं. आतलं सगळं बाहेर काढलं. रॉकेलने धुतलं. गोणपाटावर मांडलं. मोठे नट, छोटे नट, गोल चकत्या, लांब दांडे.

मग आला चहा. मिस्त्रींनी तोंडातली कवळी काढली. कवळी म्हणजे खोटे दात. बिस्कीट चहात बुडवायचं, त्याला दात कशाला? कवळी ठेवली. कुठे? गोणपाटावर!

चहा संपला. मिस्त्रींनी गोणपाटावरचं सगळं उचललं. सग्गळं! भडभड्याच्या पोटात बसवलं. झाकण लावलं. दर खेपेला एखादा नट उरायचा. आज गोणपाट रिकामं!

मिस्त्री खूश. म्हणाले, "काय फुद्धा उरलं नाय!"

शू! कोणी सांगू नका.

मिस्त्रींनी किल्ली फिरवली.

भड भड भड, कट्! भड भड भड, कट्!

आणि खालून तेल. टप्! टप्! टप्! तुझं नाक गळतं ना, तसं. फक्त काळं.

मिस्त्रींनी इंजिनला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. मुठीला कान लावला. "आतून कायतरी फाजतंय," म्हणाले. स्क्रू-ड्रायव्हर तिथंच राहिला. मिस्त्री रुसून भिंतीला टेकून बसले.

तिथंच बिळात राहायची चुंदी चिचुंद्री. इवलीशी. लांब नाकाची. आणि वास? असा वास, की वासानेसुद्धा नाक धरावं!

चुंदीकडे होता एक फुटाणा. एकच. खरपूस. सकाळपासून जपून ठेवलेला. पण जमीन हलली. भड भड भड! फुटाणा उडाला. टुण् टुण् टुण्! गेला ट्रॅक्टरखाली. बसला एका विटेवर. विटेच्या चहूकडे तेलच तेल!

तेल चढलं तर फुटाणा बुडणार. काळा तेलकट फुटाणा कोण खाणार? तू खाशील? शी!

चुंदी गेली तुरुतुरु तुरुतुरु. भडभड्याच्या चाकापाशी.

"भडभड्याआजोबा, भडभड्याआजोबा, तेल थांबवा ना!
फुटाणा मिळेना! चीं चीं चीं!"

भडभड्याने नाक मुरडलं. "शी! लांब उभी राहा. नट आवळेल तर तेल थांबेल. नाही तर नाही!"

टप्! टप्! वीट घोट्यापर्यंत बुडाली.

चुंदी गेली तुरुतुरु तुरुतुरु. नटापाशी.

"नटूभाऊ, नटूभाऊ, आवळा ना!
तेल थांबेना,
फुटाणा मिळेना! चीं चीं चीं!"

नटाला नाक नाही. तरी त्याने धरलं. "शी! लांब उभी राहा. पाना वळेल तर मी आवळेन. नाही तर नाही!"

टप्! टप्! वीट गुडघ्यापर्यंत बुडाली. विटेला गुडघे असतात का? या विटेला होते.

चुंदी गेली तुरुतुरु तुरुतुरु. खिळ्याला पाना लटकत होता.

"पानेदादा, पानेदादा, वळा ना!
नट आवळेना,
तेल थांबेना,
फुटाणा मिळेना! चीं चीं चीं!"

पाना म्हणाला, "शी! लांब उभी राहा. मिस्त्री उठेल तर मी वळेन. नाही तर नाही!"

टप्! टप्! वीट कमरेपर्यंत बुडाली.

चुंदी गेली तुरुतुरु तुरुतुरु. मिस्त्रींपाशी.

"मिस्त्रीचाचा, मिस्त्रीचाचा, उठा ना!
पाना वळेना,
नट आवळेना,
तेल थांबेना,
फुटाणा मिळेना! चीं चीं चीं!"

मिस्त्रींनी टोपी नाकावर ओढली. "फी! लांब उभी राहा. फाकरी मोडेल तर मी उफेन. नाय तर नाय!"

काय म्हणाले? भाकरी मोडेल तर मी उठेन. तुला कळलं, चुंदीलाही कळलं.

टप्! टप्! वीट छातीपर्यंत बुडाली.

चुंदी गेली तुरुतुरु तुरुतुरु. डब्यात भाकरी होती. कालची. ज्वारीची. टिचकी मारली तर वाजायची, ठण्ण!

"भाकरीताई, भाकरीताई, मोडा ना!
मिस्त्री उठेना,
पाना वळेना,
नट आवळेना,
तेल थांबेना,
फुटाणा मिळेना! चीं चीं चीं!"

भाकरी म्हणाली, "शी! लांब उभी राहा. कवळी चावेल तर मी मोडेन. नाही तर नाही!"

टप्! टप्! वीट गळ्यापर्यंत बुडाली.

आता कवळी कुठे? चुंदीने डब्यात पाहिलं. नाही. चपलेत पाहिलं. नाही. मिस्त्रींच्या टोपीत पाहिलं. तिथं टक्कल. तुम्हाला माहीत आहे? गप्प बसा! तिची तिला शोधू दे.

स्क्रू-ड्रायव्हर अजून इंजिनला टेकलेला होता. चुंदी त्यावर चढली. मुठीला कान लावला. आतून आवाज आला.

"कट् कट् कट्! मी इथं आहे! मघापासून चावतेय. सगळं लोखंड! मीठसुद्धा नाही!"

"कवळीमावशी, कवळीमावशी, बाहेर निघा ना!
भाकरी मोडेना,
मिस्त्री उठेना,
पाना वळेना,
नट आवळेना,
तेल थांबेना,
फुटाणा मिळेना! चीं चीं चीं!"

कवळी म्हणाली, "भडभड्या शिंकेल तर मी निघेन. नाही तर नाही! कट्!"

टप्! टप्! वीट सगळी बुडाली. नुसता फुटाणा वर. गोल, पिवळा, घाबरलेला.

चुंदी धावली तुरुतुरुतुरुतुरु!

"भडभड्याआजोबा, शिंका ना!"

"काय?" भडभड्या ओरडला. "या कटकटीत ऐकू येत नाही. जवळ ये!"

चुंदी चाकावर चढली.

"काय? आणखी जवळ ये!"

चुंदी बॉनेटवर चढली. तिथं एक नळी होती. भडभड्या तिच्यातून हवा ओढायचा. म्हणजे त्याचं नाकच! चुंदीने नळीत तोंड घातलं. मोठ्ठा श्वास घेतला. म्हणाली,

"कवळी निघेना,
भाकरी मोडेना,
मिस्त्री उठेना,
पाना वळेना,
नट आवळेना,
तेल थांबेना,
फुटाणा मिळेना! चीं चीं चीं!"

वास गेला आत. आणखी आत. पार पोटात.

"आं..." भडभड्या म्हणाला.
"आंऽऽ..."
"आंऽऽऽऽ..."
"आऽऽक्छूंऽऽऽ!"

धूळ उडाली. कावळे उडाले. धुराड्यातून कवळी उडाली! वर गेली, गरगर फिरली, खाली आली. मिस्त्री जांभई देत होते. थेट तोंडात! खट्ट!

"थू थू! तेल!" मिस्त्री म्हणाले. मग थांबले. जीभ फिरवली. "अरे, माझे दात! सुद्धा! सुद्धा! सुद्धा!"

त्यांनी चूळ भरली. आणि मग काय!

कवळीने भाकरी चावली. कुडुम्!
भाकरी मोडली.
मिस्त्री उठले.
पाना वळला. कर्र कर्र!
नट आवळला.
तेल थांबलं. ट... बस्स!

भड भड भड भड. आणि कट्? कट् नाहीच!

मिस्त्रींनी ट्रॅक्टरखाली हात घातला. फुटाणा उचलला. कोरडा! खरपूस!

"वा! फुटाणा!" मिस्त्री म्हणाले. "बघू तरी दात कसे चालतात." आणि त्यांनी तोंड उघडलं. आऽऽ!

चुंदी या वेळी रडली नाही. चीं नाही, चूं नाही. एक पाऊल पुढे आली. आणखी एक आली. लांब नाक वर केलं.

"मिस्त्रीचाचा," ती म्हणाली, "देताय की येऊ जवळ?"

"देऊन टाक रे बाबा!" भडभड्या ओरडला. "मला परत शिंक नको!"

मिस्त्रींनी एका हाताने नाक धरलं. दुसऱ्या हाताने फुटाणा दिला.

कुट कुट कुट.

संपला फुटाणा, संपली गोष्ट. आता तुझे दात मोज बघू. सगळे आहेत? मग मिटा तोंड. आणि गोणपाटावर काही ठेवू नका!